तरुण चढाईपटूने बचाव वाचायला कसे शिकावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सुगी आटोपली की गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात आणि रात्रीच्या प्रकाशझोतातील स्पर्धांत पंधरा-सोळा वर्षांची मुले थोरल्यांच्या संघातून चढाईला उतरताना दिसू लागतात. या मुलांकडे वेग असतो, दम असतो आणि धाडसही असते. तरीही पहिल्या दोन-तीन चढायांत टाळ्या मिळवणारा मुलगा पुढे एकाच कोपऱ्यात, एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा पकडला जातो. हात कसा मारावा, लाथ कशी टाकावी, उडी कधी घ्यावी हे त्याला शिकवलेले असते; समोरचे सात गडी पुढच्या क्षणी काय करणार आहेत हे ओळखायला मात्र बहुतेक वेळा कुणी शिकवलेले नसते. पुढील मार्गदर्शन त्या शिक्षणाविषयी आहे आणि ते मुख्यतः गावातील मंडळांत मुलांना तयार करणाऱ्या प्रशिक्षकांसाठी व वडीलधाऱ्या खेळाडूंसाठी लिहिले आहे. माझे मत प्रथमच स्पष्ट करतो: सुरुवातीच्या काळात मुलाने किती गुण आणले हे मोजू नये, परत आल्यावर त्याला काय दिसले हे विचारावे.

अंतर पायात बसले पाहिजे

पुरुष गटाच्या मैदानाचे माप 13 मीटर बाय 10 मीटर असते, म्हणजे मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत चढाईपटूपुढे साडेसहा मीटरचे अंगण असते. त्यात मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, म्हणजे गडी न टिपता परतायचे तर ओलांडावीच लागणारी रेषा, आणि तिच्या पुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा येते. महिला गटाचे मैदान 12 मीटर बाय 8 मीटर असते आणि तेथे निदान रेषा 3 मीटरवर, तर बोनस रेषा 4 मीटरवर असते. हे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा मुलाच्या पावलांत उतरवणे महत्त्वाचे आहे, कारण जो मुलगा रेषा शोधण्यासाठी मान खाली घालतो त्याला त्या क्षणी बचाव दिसतच नाही. फक्कीने आखलेल्या मैदानावर कुणीही बचावपटू उभा न करता मुलाला मध्यरेषेवरून आत पाठवावे, नजर समोर ठेवून निदान रेषा ओलांडायला लावावी आणि थांबवून पाय नेमका कुठे पडला हे दाखवावे. काही दिवसांतच पावलांचा हिशेब बसतो. मुले आणि मुली एकाच मैदानावर सराव करीत असतील तर दोन्ही गटांच्या रेषा वेगवेगळ्या आखाव्यात. चुकीच्या रेषेवर बसलेली सवय सामन्यात पकड होण्यास पुरेशी असते.

मातीचाही विचार करावा. येळ्ळूरकडील काळ्या मातीचे मैदान वाळले की कठीण होते, खानापूरकडे तांबडी माती असते आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. प्रत्येक ठिकाणी पाऊल थांबण्याचे अंतर बदलते. मॅटवर वळण झटकन घेता येते, पण मातीवर घसरणारे शेवटचे अर्धे पाऊल मुलाने आधीच हिशेबात धरलेले असावे. सामन्यापूर्वी नाणेफेकीची वाट पाहत उभे राहण्यापेक्षा मुलाने निदान रेषेपर्यंत दोन-तीनदा जाऊन यावे.

रेषा ओलांडण्यापूर्वी काय ओळखायचे

चढाई 30 सेकंदांची असते, परंतु वाचनाचा पहिला भाग मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच पूर्ण व्हायला हवा. समोर किती गडी आहेत, ही पहिली गोष्ट. सहा किंवा सात असतील तर बोनस, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टेकून मिळणारा गुण, उपलब्ध आहे आणि बचावाला पुढच्या पायाची काळजी करावी लागते. पाच किंवा त्याहून कमी असतील तर बोनस नाही, त्यामुळे कोपरे, म्हणजे दोन्ही टोकांचे बचावपटू, निर्धास्तपणे मागे उभे राहू शकतात. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तर पकड यशस्वी झाल्यास बचावाला एक जादा गुण मिळतो, म्हणून एरवी सावध खेळणारे गडीही त्या वेळी झेप घ्यायला उत्सुक असतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतरच्या तिसऱ्या चढाईत चढाईपटूला गुण आणावाच लागतो, अन्यथा तो बाद होतो; बचावाला हे ठाऊक असल्याने तो खोल उतरून मुलाला आत येऊ देतो. गावच्या काही स्पर्धांत जादा गुणाचे आणि तिसऱ्या चढाईचे नियम लागू असतात की नाही, हे आयोजकांना सामन्यापूर्वी विचारून घ्यावे. नियमच माहीत नसेल तर समोरचा गडी असा का उभा आहे याचा अर्थ लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रचना. सात गडी असताना पुष्कळ संघ दोन, तीन, दोन अशा साखळ्या करतात: दोन्ही बाजूंना कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी हातात हात घालून उभे असतात आणि मध्ये दोन मध्यरक्षक व सेंटर मिळून तिघांची साखळी होते. आपल्याकडे खेळाडू यांना कॉर्नर, इन, कव्हर आणि सेंटर याच नावांनी ओळखतात आणि शिकवतानाही तीच नावे वापरावीत. नवख्या मुलाचा एक गोंधळ आधी दूर करावा लागतो: बचावाचा डावा कोपरा हा चढाईपटूच्या उजव्या हाताला असतो. प्रशिक्षकाने बाहेरून "डावा कोपरा पुढे आला" असे ओरडून सांगितले आणि मुलाने स्वतःच्या डावीकडे पाहिले, तर त्या एका वळणात पकड होते. मंडळात एकदाच ठरवून टाकावे की डावे-उजवे नेहमी बचावाच्या बाजूने मोजायचे.

पाच गडी उरले की अनेकदा दोन, एक, दोन अशी मांडणी होते आणि चार उरले की दोन-दोनच्या जोड्या. अशा वेळी मधली मोकळी जागा मोठी वाटते, पण त्या जागेच्या दोन्ही कडांना जोड्या असतात आणि मुलगा मध्ये घुसला की त्या मागून मिटतात. गडी कमी झाले म्हणजे काम सोपे झाले, असा मुलांचा समज असतो. तो सरावातच मोडून काढावा.

नजर कुठे ठेवायची

मुलगा स्वाभाविकपणे बचावपटूच्या चेहऱ्याकडे किंवा हातांच्या हालचालीकडे पाहतो आणि नेमके तेथेच फसतो, कारण हूल देण्यासाठी अनुभवी गडी हात आणि डोळे यांचाच उपयोग करतो. पाय सहसा खोटे बोलत नाहीत. कोपरारक्षक पुढच्या पायाचा पट काढण्याच्या, म्हणजे पाय धरून खेचण्याच्या, तयारीत असला की त्याची टाच जमिनीवरून किंचित उचलली जाते, गुडघे अधिक वाकतात आणि शरीराचा भार चवड्यांवर येतो. केवळ घाबरवण्यासाठी पुढे आलेल्या गड्याचा भार मात्र मागच्या पायावरच राहतो. हा फरक बाहेरून उभे राहून, अगदी संथ गतीने, मुलाला दाखवावा लागतो. दोन कोपरारक्षक शेजारी उभे करावेत, एकाला खरी झेप घ्यायला आणि दुसऱ्याला नुसती हूल द्यायला सांगावे आणि मुलाला फक्त त्यांच्या टाचा पाहायला लावाव्यात.

टाचेइतकीच महत्त्वाची खूण साखळीतील पंज्यांत असते. कोपरा आणि इन यांनी एकमेकांचा हात धरलेला असेपर्यंत त्यांना एकत्र सरकावे लागते आणि त्यांची झेप आखूड राहते. कोपऱ्याला एकट्याने पकड करायची असेल तर त्याला आधी हात सोडावाच लागतो. बारकाईने पाहिले तर प्रथम इनची पकड सैल होते, मग कोपऱ्याची बोटे सरळ होऊन निसटतात आणि त्यानंतर खांदा पुढे येतो; या सगळ्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही, पण डोळा तयार असेल तर पाय मागे घ्यायला तेवढा वेळ पुरतो. उलट पंजे अधिक घट्ट आवळले गेले आणि इन अर्धे पाऊल पुढे सरकला, तर साखळीने रोखण्याचा बेत आहे असे समजावे आणि त्या बाजूने परतीचा मार्ग धरू नये.

आता सर्वांत अवघड भाग. मुलगा बचावाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला की तो कोपरा मागे हटतो, मुलाला खोल ओढतो आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूचे गडी मध्यरेषेच्या दिशेने वर येतात. मुलाचे सगळे लक्ष समोरच्या कोपऱ्यावर असते. पकड मात्र पाठीमागून आलेला लांबचा कोपरा किंवा कव्हर करतो. म्हणून प्रत्येक मुलाला एक नियम लावून द्यावा: ज्या कोपऱ्यावर हल्ला करायचा आहे त्याच्यावर अर्धी नजर आणि लांबच्या कोपऱ्यावर उरलेली अर्धी. त्यासाठी उभे राहण्याची पद्धत बदलावी लागते. छाती थेट कोपऱ्याकडे न वळवता अंग थोडे तिरके ठेवले, तर दोन्ही कोपरे डोळ्यांच्या कडांत राहतात. लांबचा कोपरा निदान रेषेच्या वर आलेला दिसला की समोर कितीही मोह असला तरी माघार घ्यावी. सीमाभागातील गडी अनेकदा कुस्तीच्या तालमीत घडलेले असतात आणि त्यांच्या हाती पट किंवा कंबर लागली की मगरमिठीतून सुटणे मुलाच्या वजनाला झेपत नाही. येथे पकडीतून सुटण्याच्या कौशल्यापेक्षा पकडीपर्यंत न पोहोचण्याचे कौशल्य अधिक कामाचे ठरते.

प्रकाशझोतातील सामन्यांत आणखी एक मदत मिळते. मैदानाच्या कडेच्या खांबांवर दिवे असतील तर गड्यांच्या सावल्या मातीवर लांब पडतात आणि मागून वर येणाऱ्या गड्याची सावली बऱ्याचदा त्याच्या आधी चढाईपटूच्या पायाशी पोहोचते. मैदानावर उतरण्यापूर्वी दिवे कोणत्या बाजूला आहेत हे पाहून ठेवण्याची सवय मुलाला जरूर लावावी. कानही उघडे ठेवायला सांगावेत. मुलाच्या तोंडी कबड्डीचा दम अखंड चालू असतो, तरीही बचावाचे आवाज ऐकू येतात. आणि आपल्या भागातील मुलांना मराठी व कन्नड दोन्ही कानावरून गेलेल्या असल्याने धारवाडकडच्या संघाने "हिडी" म्हटले काय किंवा कोल्हापूरकडच्या संघाने "धर" म्हटले काय, इशारा कुणाला दिला गेला हे त्यांना चटकन कळते.

सरावाची पद्धत

बचाव वाचण्याचा सराव पूर्ण सात गड्यांसमोर सुरू करू नये. आरंभी एकाच बाजूचे तिघे, म्हणजे कोपरा, इन आणि कव्हर, एवढेच उभे करावेत. प्रशिक्षकाने चढाईपटूच्या पाठीमागे उभे राहून बोटांनी बचावाला खूण करावी: एक बोट म्हणजे कोपऱ्याने पट काढायचा, दोन बोटे म्हणजे साखळीने रोखायचे, मूठ म्हणजे काहीच न करता मागे हटायचे. सगळे चालण्याच्या गतीने घडवावे. मुलाने गडी टिपायचा नाही. फक्त योग्य त्या क्षणी योग्य त्या दिशेने परतायचे. कंटाळवाणे वाटले तरी हा टप्पा घाईने ओलांडू नये, कारण वेग वाढला की मुलगा पुन्हा पायांऐवजी नशिबावर विसंबू लागतो. ओळख पक्की झाली की गती वाढवावी, मग दुसऱ्या बाजूचा कोपरा जोडावा आणि शेवटी पूर्ण सात गडी उभे करावेत.

मान वर ठेवण्यासाठी एक साधा उपाय आहे. अंतिम रेषेच्या मागे एकाने उभे राहावे आणि चढाई चालू असताना एखाद्या क्षणी हाताची काही बोटे वर करून खाली घ्यावीत. मुलाने परतल्यावर किती बोटे होती ते सांगावे. जो सांगू शकत नाही तो आपल्या पायांकडे किंवा एकाच गड्याकडे पाहत होता, हे लगेच उघड होते.

सरावातील प्रत्येक चढाईनंतर, मुलगा आपल्या जागेवर जाण्यापूर्वी, त्याला तीन प्रश्न विचारावेत: किती गडी होते, कुणाचा हात सुटला आणि लांबचा कोपरा कुठपर्यंत आला होता. उत्तरे चुकली तर रागावू नये. बचावातील गड्यांनाच खरे काय घडले ते सांगायला लावावे. गुण आणून चुकीची उत्तरे देणारा मुलगा आणि रिकाम्या हाती येऊन अचूक उत्तरे देणारा मुलगा यांत दुसऱ्याची प्रगती अधिक झालेली असते, आणि हे प्रशिक्षकाने सर्वांसमोर मोठ्याने सांगितले पाहिजे. आपल्याकडे रिकामी चढाई करून परतलेल्या मुलाला बाहेरून टोमणे मारण्याची वाईट खोड आहे. पहिल्या दोन चढाया रिकाम्या नेण्याची मुभा नियमच देतो. त्या दोन्हींचा उपयोग बचाव पाहून घेण्यासाठी करणारा मुलगा शहाणपणाने खेळत असतो. मात्र त्याने निदान रेषा ओलांडलेली असली पाहिजे, कारण एकही गडी न टिपता आणि ती रेषा न ओलांडता परतणारा चढाईपटू बाद ठरतो.

माझ्या मते प्रत्येक तरुण चढाईपटूने निदान एक हंगाम सरावात कोपऱ्यावर खेळले पाहिजे. झेप घेण्यापूर्वी आपली टाच आपोआप कशी उचलली जाते, इनचा हात कधी सोडावासा वाटतो, कोणत्या चढाईपटूच्या हुलीने आपण हलतो आणि कोणाच्या हुलीने हलत नाही, हे त्याला स्वतःच्या अंगातून कळते. चांगला चढाईपटू कोपऱ्यावर वाया जाईल अशी भीती काही मंडळांना वाटते. ती निराधार आहे.

मोबाईलवरील चित्रीकरण फार उपयोगी पडते, पण ते बहुधा चुकीच्या जागेवरून केले जाते. मैदानाच्या बाजूने घेतलेल्या चित्रीकरणात चढाईपटूची उडी छान दिसते, मात्र लांबचा कोपरा दिसत नाही. मोबाईल चढाईपटूच्या पाठीमागे, मध्यरेषेच्या सरळ मागे, शक्य तितक्या उंच ठेवावा. पाहताना पकडीच्या आधीच चित्र थांबवावे आणि पुढे काय होईल ते मुलाला विचारावे. मगच पुढचे दाखवावे. प्रो कबड्डीचे सामने पाहतानाही हीच पद्धत वापरावी. 2018 च्या हंगामात चंदगड तालुक्यातून आलेला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून चढाया करीत होता आणि त्याच संघाचा डावा कोपरा इराणचा फझल अत्राचाली सांभाळत होता. आपल्या मुलांचे डोळे साहजिकच सिद्धार्थच्या चढायांवर खिळतात, परंतु शिकण्यासाठी त्यांनी फझलच्या पायांकडे पाहावे: किती वेळ थांबून राहावे हे ज्या कोपऱ्याला कळते, त्याच्यापासून चढाईपटूने सर्वाधिक सावध राहायचे असते. 2016 च्या विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारा अनुप कुमार हा बोनससाठी पाहण्यासारखा खेळाडू आहे. बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे त्या क्षणी चढाईपटू एकाच पायावर असतो; कोपऱ्याचा भार टाचेवर गेला आहे हे ओळखल्यावरच तो धोका पत्करायचा असतो.

वयानुसार अपेक्षा

बारा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून गडी मोजणे, अंतर राखणे आणि सुखरूप परतणे एवढेच मागावे. पुढील दोन वर्षांत साखळ्यांची आणि हातांची ओळख करून द्यावी. उलट हूल देऊन बचावाला हलवणे आणि त्या हालचालीतून निर्माण झालेली फट वापरणे हे त्यानंतरचे काम आहे. वाचन पक्के नसताना शिकलेली हूल केवळ अंगविक्षेप ठरते. डुबकी (साखळीखालून निसटणे) किंवा बेडूकउडी (बचावपटूवरून उडी मारणे) लवकर शिकवण्याचा आग्रह मला मान्य नाही. ही कौशल्ये देखणी आहेत, पण साखळी किती उंचीवर आहे आणि तिच्या मागे दुसरा गडी आहे की नाही हे न पाहता मारलेल्या डुबकीत मानेला व खांद्याला इजा होऊ शकते.

मुलगा वाचू लागला की बचावही त्याला वाचू लागतो, आणि हा टप्पा लवकर येतो, कारण आपल्या भागात तेच तेच संघ हंगामभर समोरासमोर येतात. नेहमी उजव्या पायाने बोनस घेणारा, तिसऱ्या पावलानंतरच हात मारणारा किंवा दम संपत आला की आवाज चढवणारा मुलगा दोन स्पर्धांत सर्वांना माहीत होतो. अशा वेळी प्रशिक्षकाने आपल्याच संघातील बचावपटूंना त्या मुलाच्या सवयी सांगायला लावाव्यात. ते फार स्पष्टपणे सांगतात. त्यांतील एकच सवय निवडून ती पुढच्या काही आठवड्यांत बदलावी. सगळ्या एकदम बदलू पाहिल्यास मुलाची नजर पुन्हा स्वतःवर जाते आणि बचाव दिसेनासा होतो.

बाद फेरीच्या स्पर्धेत आपला सामना उशिरा असेल तर मुले मंडपात बसून राहतात किंवा चहाच्या गाड्याभोवती जमतात. त्याऐवजी पुढच्या फेरीत जो संघ समोर येण्याची शक्यता आहे त्याचा सामना त्यांना पाहायला लावावा, आणि तोही जेथून गर्दी पाहते त्या मध्यरेषेजवळून नव्हे, तर त्या संघाच्या समोरच्या अंतिम रेषेमागे बसून, जेणेकरून चढाईपटूला दिसतो तसाच बचाव मुलाला दिसेल. पाहताना त्याने फक्त दोन्ही कोपरे लक्षात ठेवावेत: कोण आधी हात सोडतो, कोण थांबतो आणि तिसऱ्या चढाईला कोण पुढे येतो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की त्यानेही उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसावे.